कालच्या ज्वारीचं धपाटं

आमच्या घरमालकांच्या घरात एक शब्द उच्चारायला बंदी होती. शिव्यांना नव्हती. काकू सकाळपासून दोन-चार सहज देऊन जायच्या आणि काका त्या पावसाच्या बातम्यांसारख्या ऐकून घ्यायचे. बंदी होती ती 'शिळं' या शब्दाला. 'कालचं' म्हणायचं. 'रात्रीचं' चालायचं. पण 'शिळं' म्हटलं की काका हातातलं काम थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "अन्न शिळं नसतं. माणूस शिळा असतो."

"अन् हे वाक्य?" काकू आतून विचारायच्या. "लग्नापासून हेच ऐकायले मी. ह्याला काय म्हणायचं?"

नांदेडला एका साप्ताहिकात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले. पहिल्याच सकाळी दारावर टकटक झाली. लुंगी, बनियन, खांद्यावर पंचा अशा अवतारात काका उभे. हातात ताटली, ताटलीत एक जाडसर, तांबूस, कडेला तिळाने भरलेलं धपाटं, शेजारी दह्याची कवडी आणि शेंगदाण्याची चटणी.

"घ्या ताईसाहेब. कालचं आहे."

आता, मी ज्या घरात वाढले तिथे कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. माझी अक्षरओळखच मोर्च्याच्या पत्रकांवर झालेली. उरलंसुरलं अन्न कुणाच्या ताटात जातं, घरातल्या बाईच्या आणि दाराबाहेरच्या मजुराच्याच का जातं, यावर आमच्या घरी जेवताना चर्चा व्हायची. त्यामुळे मी जिन्यातच सुरू झाले. उरलेलं अन्न खाणं ही गरिबाची सक्ती आहे, त्याचा गौरव करणं ही खात्यापित्यांची चैन आहे, भाडेकरूला हे देणं म्हणजे त्याची पायरी दाखवणं आहे, असं बरंच. काकांनी सगळं ऐकलं. ताटली धरलेला हात जरासुद्धा खाली गेला नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं. "मुद्दे चांगले आहेत. मी दोन खाल्ली, हे तिसरं. आता खा, गार व्हायलंय."

मी खाल्लं. रागात खाल्लं, तरी कडेचा कुरकुरीतपणा आणि आतली ओल लपत नव्हती. मधूनच एखादा अख्खा ज्वारीचा दाणा दाताखाली यायचा, मग भाजलेला शेंगदाणा, मग लिंबाची अगदी पुसट आंबट चव. असं धपाटं मी त्याआधी कुठेच खाल्लं नव्हतं. ताटली परत द्यायला खाली गेले तेव्हा विचारलं, "यात लिंबू कुठून आलं?"

"सॅलडमधून," काका म्हणाले, आणि एवढे खूश झाले की मला बसवून घेऊन सगळी हकीकत सांगितली.

काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांच्याकडे भरडधान्यांच्या प्रचाराचं काम आलं. ज्वारीचे नवे पदार्थ करून गावोगाव दाखवायचे, असा वरून आदेश. वरच्यांनी पाठवलेल्या पाककृतींतली पहिली होती ज्वारीचं सॅलड. ज्वारी रात्रभर भिजवायची, कुकरमध्ये मऊ शिजवायची, निथळून गार करायची आणि त्यात कांदा, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, भाजलेले शेंगदाणे, मीठ, लिंबू. काका मोठं पातेलं जीपमध्ये ठेवून हदगावच्या बाजूच्या एका गावात गेले. पारावर मंडळी जमली. एका म्हाताऱ्याने चमच्याने ढवळून पाहिलं.

"साहेब, ह्या तं घुगऱ्या हायेत."

"घुगऱ्याच. पण सॅलड."

"म्हंजे ज्वारी आम्ही पेरावी, आम्ही काढावी, आम्ही रांधावी, अन् ती काकडीसंगं कशी खायची ते तुम्ही आम्हाला शिकवून राहिले?"

सगळा पार हसला. काकाही हसले. पातेलं जवळजवळ भरलेलंच घरी परतलं. दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावी तेच. काका प्रचार करत राहिले आणि पातेली घरी येत राहिली. पहिल्या दिवशी काकूंनी ते सॅलड जेवणात घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पातेलं ओट्यावर आपटलं आणि म्हणाल्या, "ह्याचं काय करायचं ते आता तुमच्या खात्याला विचारा."

काकांनी खात्याला विचारलं नाही. बाह्या वर केल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तवा हातात घेतला.

पहिली काही धपाटी फडक्यावरून तव्यावर येईपर्यंत तुटली. का तुटतात हे शोधायला त्यांना बरेच दिवस लागले. काकडी-टोमॅटोचं पाणी सुटून मिश्रण सैल होतं, म्हणून सॅलड आधी चाळणीत निथळायचं. पण ते पाणी फेकायचं नाही. मीठ, लिंबू, कोथिंबीर सगळं त्यातच उतरलेलं असतं, पीठ त्याच पाण्यात भिजवायचं. अर्धी ज्वारी मिक्सरमध्ये भरड वाटायची, अर्धी तशीच ठेवायची. ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, ओवा, हळद, लसूण-मिरचीचा ठेचा. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे बोटाने भोकं पाडायची आणि तेल सोडताना हात आखडायचा नाही. गल्लीत काकांना कंजूष म्हणायचे, पण त्यांना तेल सोडताना कुणी बघितलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर प्रचार संपला, सवय राहिली. रोज संध्याकाळी काका स्वतः सॅलड करायचे, आणि अंदाज मात्र अजून गावजेवणाचाच. काकू ओरडायच्या, "तीन माणसं आहोत आपण, ग्रामसभा नाही!" पण मला वाटतं, ते मुद्दाम जास्त करायचे. सॅलडवर त्यांचा फारसा जीव नव्हताच. ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी केलेलं असायचं.

प्रत्येक प्रयोग जमला असं नाही. एकदा त्यांनी त्याचे आप्पे केले. ते पात्राला असे चिकटले की काकूंनी पात्रच भंगारवाल्याला दाखवलं. एकदा आमच्याकडे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला करतात तसं, मुरमुऱ्यांऐवजी हीच ज्वारी घालून फोडणीला टाकलं. ते बरं झालं होतं, पण खाताना जबडा दुखून आला. आणि मे महिन्यात, नांदेडचं ऊन फ्रीजलाही घाम फोडत असताना रात्रभर वीज गेली की सकाळी काका पातेल्याचं झाकण उघडून डोळे मिटून वास घ्यायचे. अशा वेळी घरात कुणी बोलायचं नाही. नाकाने हो म्हटलं तर तवा चढायचा. नाकाने नाही म्हटलं तर पातेलं मुकाट्याने मागच्या शेवग्याच्या आळ्यात. "पोटावर प्रयोग करायचा नाही," ते म्हणायचे. तेवढा दिवस त्यांचा वाईट जायचा.

घराचे नियम दोनच. पहिला, कालचं संपल्याशिवाय आजच्याला हात लावायचा नाही, आणि कालच्यातला पहिला घास घरधन्याने घ्यायचा. दुसरा, आपण जे खाणार नाही ते मागच्या दाराने कुणाला द्यायचं नाही.

दुसऱ्या नियमापायी त्यांनी शेजाऱ्यांशी वैर घेतलं. धुणीभांडी करणाऱ्या शांताबाई आमच्याकडून शेजारी जायच्या आणि येताना त्यांच्या हातात पिशवी असायची. पिशवीत कडक झालेल्या पोळ्या. एके दिवशी काकांनी त्यांना फाटकातच थांबवलं, पिशवी घेतली आणि तडक शेजारच्या ओट्यावर गेले. मी गच्चीतून बघत होते.

"वहिनी, ह्या पोळ्या तुम्ही सकाळी खाल्ल्या का?"

"मी कशाला खाऊ? शांताबाईला दिल्यात."

"का?"

"का म्हणजे? वाया कशाला घालवायच्या? तेवढंच पुण्य."

"मग चला, आपण दोघं बसून करू पुण्य. चहा माझ्याकडून."

शेजारच्या वहिनी त्यानंतर काकांशी बोलायच्या बंद झाल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. माझ्या वडिलांनी अख्खं पत्रक भरून जे लिहिलं असतं ते या माणसाने बनियनवर, शेजारणीच्या ओट्यावर उभं राहून केलं होतं. पण शांताबाई भडकल्या होत्या. "काका, माझ्या कोंबड्यांच्या पोळ्या व्हत्या त्या! आता कोंबड्यांना काय घालू, तुमचं भाषण?"

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुढे कितीतरी दिवस ते शांताबाईंच्या कोंबड्यांसाठी मूठभर ज्वारी वेगळी काढून ठेवत होते. शांताबाईंनी त्यांचं धपाटं मात्र कधी खाल्लं नाही. "मला ताजी पोळी द्या, गरम. तुमचे लाड तुमच्यापाशी." आणि त्यांना ताजी पोळी मिळायची, बसायला पाट मिळायचा, आणि समोर काका कालचं खात बसायचे. बाहेरून येणाऱ्या माणसाला या दोघांत मालक कोण, हे ओळखता आलं नसतं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते प्रणिताच्या लग्नाची गोष्ट निघेपर्यंत. प्रणिता त्यांची एकुलती मुलगी, बँकेत नोकरीला, माझ्याच वयाची आणि वर्षभरात माझी घट्ट मैत्रीण झालेली. ओंकार तिच्याच शाखेत होता, मूळचा लातूरचा. दोघांचं ठरलं होतं. काका-काकूंना माहीत होतं, पसंत होतं. अडलं होतं ते ओंकारच्या वडिलांपाशी. ते निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे, सोवळ्या स्वभावाचे. "पोरानं पोरगी बघितली असंल, घर आम्ही बघितलं न्हाई," एवढंच ते म्हणत. शेवटी एका रविवारी ते आणि ओंकारची आई येऊन 'घर बघणार' असं ठरलं. आदल्या रात्री नांदेडलाच नातेवाइकाकडे मुक्काम, सकाळी नऊला आमच्याकडे नाश्ता. त्यांना घर आवडलं नाही तर विषय संपला, असं ओंकारने स्पष्ट सांगितलं होतं. वडिलांच्या विरोधात जाऊन लग्न करायला तो तयार होता, प्रणिता नव्हती. आई आजारी असते त्याची, ती म्हणायची, तिला दोघांमधे उभं करायचं नाही मला.

मुलगी बघण्याच्या कार्यक्रमावर माझं मत काय असणार ते उघड आहे. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात प्रणिता म्हणाली, "तुझं पत्रक लग्नानंतर वाट. उद्या फक्त पप्पांकडे लक्ष ठेव."

पप्पांना तिने समोर बसवून सांगितलं. "पोहे आणि शिरा. बाकी काही नाही. कालचं, परवाचं, कुठलंच नाही. आणि त्यावर भाषण नाही."

"मी कशाला बोलू?" काका दुखावले. "मला काय कळत नाही का?"

"शपथ घ्या."

"शपथ कशाला? शब्द देतो."

आणि शब्द देऊन ते संध्याकाळी नेहमीसारखे सॅलड करायला बसले. त्या रात्री कुणाच्याच पोटात काही जाईना. प्रणिताने दोन चमचे खाल्ले, काकूंनी तेवढेही नाही. पातेलं भरलेलं राहिलं.

सकाळी नऊच्या ठोक्याला मंडळी आली. ओंकारचे वडील इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खिशाला दोन पेनं. आई बारीक अंगाची, डोक्यावरून पदर, निलंग्याकडची. पाणी घेताना सुद्धा आधी नवऱ्याकडे बघायची. ओंकार घामाघूम. काकूंनी पोह्यांच्या बश्या मांडल्या. काका पाव्हण्यांसमोर बसले, आणि त्यांच्यापुढे काहीच नव्हतं.

"तुम्ही घ्या की," ओंकारचे वडील म्हणाले.

"तुमचं चालू द्या. माझं आत आहे."

"आत काय? पाव्हण्यांसोबत बसायचं असतं."

काकांची अडचण माझ्या लक्षात आली. कालचं संपल्याशिवाय त्यांना पोह्यांना हात लावता येत नव्हता. सगळ्यांनी त्यांना काय वाढायचं नाही ते सांगितलं होतं. त्यांनी स्वतः काय खायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. ते उठले, आत गेले आणि आपली ताटली घेऊन आले. ताटलीत धपाटं, वाफाळतं.

खोलीभर लसणाचा आणि तिळाचा वास पसरला. ओंकारच्या वडिलांचा पोह्यांचा चमचा थांबला.

"हे बरंय. आम्हाला पोहे, अन् स्वतःला धपाटं?"

"तुम्हाला पाहिजे का?" काका म्हणाले. त्यांनी प्रणिताकडे पाहिलं नाही. मी पाहिलं, ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

ओंकारच्या वडिलांनी अर्धं घेतलं. मग उरलेलं अर्धंही घेतलं. मग म्हणाले, "अजून असंल तर बघा." काकूंनी दुसरं आणलं. ते दह्यासोबत संपवून त्यांनी बोटं पुसली आणि पहिल्यांदाच हसले. "लई दिवसांनी असं धपाटं खाल्लं. कशाचं केलंय?"

"ज्वारीचं," काकू म्हणाल्या.

"ज्वारीचं," प्रणिता म्हणाली.

"ज्वारीचंच," मी म्हणाले. सत्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी, त्या क्षणी एवढंच बोलले.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ज्वारीचंच आहे. पण कालचं. काल सॅलड केलं होतं, ते उरलं."

ओंकारच्या वडिलांनी ताटली बाजूला सारली. "म्हणजे शिळं वाढलंत आम्हाला."

"वाढलं नाही. तुम्ही मागितलं."

"आमच्या घरात शिळं खात न्हाईत," ते उठायच्या बेतात म्हणाले. "आमच्या वडलांच्या काळापासून न्हाई. रीत असते घराची."

"कोण खात न्हाई?"

आवाज इतका बारीक होता की कुठून आला ते आधी कळलं नाही. ओंकारची आई बोलत होती, पोह्यांच्या बशीकडे बघत.

"तुमी खात न्हाईत. मंग रोज राती उरलेल्या भाकरी कुठं जात्यात?"

"कुठं म्हंजे? गायीला."

"गाय कधी विकली आपण?"

ओंकारच्या वडिलांनी खिशातलं एक पेन काढून परत लावलं.

"ओंकार शाळेत व्हता तवा विकली. दावण बी काढून टाकली," ती म्हणाली. मग पदर नीट केला. "म्याच हाय ती गाय."

ओंकारने मान खाली घातली. काकूंनी तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की दुसऱ्या कशाला, मला सांगता येणार नाही. मी ज्या विषयावर पानंच्या पानं वाचली होती तो विषय समोर बसून पाणी पीत होता.

"मला द्या की एक," ओंकारची आई काकांना म्हणाली. "शिळ्याचं असलं काय झाल्यालं म्या कदी बघितलं न्हाई. आमचं तं नुसतं पाण्यात भिजवून खायचं, उभ्या उभ्या."

बंदी असलेला शब्द दोनदा, तीनदा त्या खोलीत उच्चारला गेला होता. काकांनी हरकत घेतली नाही. ते आत गेले. तव्यावर थेंब तडतडल्याचा आवाज आला. बराच वेळ लागला, कारण ते एक तुटलं आणि त्यांनी ते बाजूला टाकून दुसरं थापलं. मग ताटली घेऊन आले आणि ती तिच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "ताई, बसून खा. गडबड करू नका."

तिने बसून खाल्लं. सावकाश. पहिला तुकडा तोडताना बोट भाजलं तर हसली आणि म्हणाली, "बाई गं, गरम हाय." मग ओंकारला म्हणाली, "तू शिकून घे रे हे. तिला न्हाई, तुला सांगायले."

"हाव आई," ओंकार म्हणाला.

मग शिरा झाला, चहा झाला. ओंकारच्या वडिलांनी घर बघितलं, म्हणजे शेवग्यापर्यंत जाऊन आले. निघताना ते ओट्यावर बुटांच्या नाड्या बांधत बसले. प्रणिता आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. तिचा हात माझ्या मनगटावर आवळत चालला होता.

नाड्या बांधून झाल्या. ओंकारचे वडील उभे राहिले. काकांकडे न बघता, फाटकाकडे बघत म्हणाले, "पुढच्या वेळेला काय असंल ते आधी सांगत जा."

"आधी सांगितलं तर तुम्ही खाल का?"

"न्हाई."

"मग?"

"खातील," ओंकारची आई चपला घालत म्हणाली. "म्या बगते कसे खात न्हाईत ते."

गाडी वळेपर्यंत प्रणिता हलली नाही. मग माझं मनगट हलवून विचारलं, "पुढच्या वेळेला म्हणाले ना? तू पण ऐकलंस ना?"

"म्हणाले," मी सांगितलं. "सगळ्या गल्लीनं ऐकलं."